म्हातारपणची चाल आणि मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या

‘आतां वय झालें, चालणें मंदावायचेंच,’ हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्याच्या खरेपणाविषयीं कोणास शंकाहि येत नाहीं. केस पांढरे होतात, दांत पडतात, दृष्टि अधू होते. त्याच माळेंतला चाल मंदावणें हा एक मणी, अशी आपली समजूत असते. या समजुतींत मुळींच तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. साठीनंतर स्नायूंचें बळ कमी होतें, सांधे आखडतात, आणि पाऊल पूर्वीसारखें झपाझप पडत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु मंदावलेली प्रत्येक चाल केवळ वयाची नसते. कित्येक वृद्धांच्या पायांत कांहींएक दोष नसतो. गुडघे ठीक असतात, पोटऱ्यांत बळ असतें, निजल्या ठिकाणीं पाय हवे तसे हलवितां येतात. आणि तरीहि उभें राहून चालूं म्हटलें कीं पाऊल उचलत नाहीं. अशा वेळीं दोष पायांचा नसून पुष्कळदां मेंदूचा असतो; आणि मेंदूंतहि मोठ्या धमन्यांचा नव्हे, तर सुतासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचा असतो. डॉक्टर लोक यास ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ म्हणतात. आपण त्यास ‘सूक्ष्मवाहिनीविकार’ म्हणूं. या विकाराची माहिती प्रत्येक घरांत असणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण ती नसल्यामुळें वडील माणसांवर नकळत अन्याय होतो, आणि वेळींच करावयाचे उपायहि राहून जातात.

हा विकार आजकालचा नव्हे. त्याची ओळख पटूं लागून शंभराहून अधिक वर्षें झालीं. १८९४ सालीं जर्मनींतील येना येथील प्राध्यापक ओटो बिन्सवांगर यांनीं, मेंदूच्या आंतील पांढऱ्या भागाचा ऱ्हास झालेल्या कांहीं रोग्यांचें वर्णन केलें. पुढें १९०१ सालीं फ्रान्समधील प्रसिद्ध वैद्य पिएर मारी यांनीं या विषयावर आपला निबंध प्रसिद्ध केला. पॅरिसलगत बिसेत्र येथें वृद्ध पुरुषांचें एक मोठें रुग्णालय होतें, आणि मारी तेथें काम करीत. त्यांनीं पाहिलेल्या म्हाताऱ्यांपैकीं पुष्कळांस अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेलेला असे. हातपाय पुन्हां हलूं लागत, पण चाल मात्र पूर्वपदावर येत नसे. लहान लहान पाउलें टाकीत, तळवे जमिनीस घांशीत ते चालत. मृत्यूनंतर अशांचे मेंदू तपासले असतां त्यांच्या खोल भागांत बारीक बारीक पोकळ्या आढळल्या. या पोकळ्यांस फ्रेंच भाषेंत ‘लाकून’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खळगा किंवा डबकें असा आहे. त्या चालीसहि फ्रेंच वैद्यांनीं ‘मार्श आ पेती पा’, म्हणजे ‘लहान पाउलांची चाल’, असें नांव दिलें, आणि तें आजतागायत वैद्यकांत रूढ आहे.

या पोकळ्या कशानें पडतात, याचा उलगडा करण्याचें श्रेय बव्हंशीं मिलर फिशर यांच्याकडे जातें. हे जन्मानें कॅनडाचे, पण यांचें काम अमेरिकेंतील बोस्टन येथें झालें. त्यांनीं मृतांच्या मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीं एकेका रक्तवाहिनीचा चिकाटीनें माग काढला. आणि १९६५ सालापासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांवरून असें दिसून आलें कीं, वर्षानुवर्षें रक्ताचा दाब वाढलेला राहिला म्हणजे मेंदूच्या गाभ्यांत शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड व निबर होतात, आंतली वाट अरुंद होते, आणि शेवटीं ती बुजून तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा एवढासा तुकडा मरतो. हा तुकडा साधारणतः ३ ते १५ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे मोहरीच्या मोठ्या दाण्यापासून शेंगदाण्याएवढा. पुढें मेंदूचीं चित्रें घेणारीं यंत्रें निघालीं, तेव्हां आणखी एक गोष्ट दिसली. अशा पोकळ्यांच्या जोडीला मेंदूच्या पांढऱ्या भागांत सर्वत्र विरळपणा आलेला असतो. जुनें धोतर फाटण्यापूर्वीं जसें झिरझिरीत होतें, तसाच हा प्रकार. कॅनडांतील हाचिन्स्की व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं त्यास ग्रीक भाषेंतून ‘ल्युकोअरायोसिस’ असें नांव दिलें. त्याचा संस्कृतांत सरळ अनुवाद ‘श्वेतविरलता’ असा होईल.

आतां प्रश्न असा कीं, मेंदूंत खोलवर झालेल्या या बारीकसारीक इजेचा परिणाम चालण्यावरच इतका कां व्हावा? याचें उत्तर रक्ताच्या वाटपांत आहे. मेंदूचें वजन सबंध शरीराच्या सुमारें २ टक्के, परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के एकटा मेंदू घेतो. मोठ्या धमन्या मेंदूच्या तळाशीं व पृष्ठभागावर असतात. त्यांच्यापासून निघालेल्या बारीक शाखा सरळ आंत शिरून गाभ्यापर्यंत जातात. या शाखांचे आपसांत जोड फारसे नसतात. एक बुजली तर दुसरीनें तिचें काम करावें अशी सोय तेथें नाहीं. ज्यांनीं बागाईत पाहिली आहे त्यांस हें लगेच कळेल. पाटाचें पाणी कमी झालें म्हणजे मोटेजवळचे वाफे भिजतात, आणि पाटाच्या टोकाचा वाफा कोरडा राहतो. मेंदूंतला हा टोकाचा वाफा म्हणजे त्याच्या मध्यभागीं असलेल्या द्रवाच्या कोठड्यांभोंवतालचा पांढरा भाग होय. आणि नेमक्या याच भागांतून मेंदूच्या पुढल्या खंडास इतर भागांशीं जोडणारे लांब तंतु जातात. पायांकडे जाणाऱ्या आज्ञांचे तंतुहि या कोठड्यांच्या बरेच जवळून जातात.

चालणें हें मेंदूच्या एकाच ठिकाणाचें काम नाहीं. पुढला खंड ‘चल’ असें ठरवितो. गाभ्यांतील मज्जागोल संवयीची हालचाल आपोआप चालू ठेवितात. लहान मेंदू तोल पाहतो. आणि पाठीचा कणा पायांस ताल देतो. या सर्वांमधील निरोप वेळच्या वेळीं पोंचले तरच पाऊल सुरळीत पडतें. तंतु विरळ झाले म्हणजे निरोप उशिरां पोंचतात, मागेंपुढें होतात, कांहीं पोंचतच नाहींत. मग पायांत शक्ति असूनहि चालीची घडी विस्कटते.

आमचें आयुष्य मुलांस शिकविण्यांत गेलें, म्हणून येथें शाळेंतलाच एक दृष्टांत देतों. ज्या मुलाचे पाढे तोंडपाठ आहेत, तो अंगणांत खेळतां खेळतांहि ‘सात आठे छप्पन्न’ म्हणूं शकतो. ज्याचे पाठ नाहींत, त्यास प्रत्येक वेळीं बेरीज करीत बसावें लागतें, आणि मध्येंच कोणी हांक मारली कीं त्याचा हिशेब चुकतो. निरोगी माणसाचें चालणें हें तोंडपाठ पाढ्यासारखें असतें. सूक्ष्मवाहिनीविकार झालेल्या माणसाची ही तोंडपाठी मोडलेली असते. त्यास प्रत्येक पाऊल जणूं बेरीज करून टाकावें लागतें. सारें लक्ष चालण्याकडे लावावें तेव्हां कोठें तें जमतें.

ही केवळ कल्पना नव्हे. १९९७ सालीं स्वीडनमधील तिघां संशोधकांनीं वृद्धाश्रयांत राहणाऱ्या ५८ जणांची अगदीं साधी परीक्षा घेतली. बरोबर चालतां चालतां त्यांच्याशीं बोलणें काढावयाचें, आणि ते चालत राहतात कीं थांबतात तें पहावयाचें, एवढीच ती परीक्षा. १२ जण उत्तर देण्यासाठीं थांबले. आणि पुढील सहा महिन्यांत या १२ पैकीं १० जण पडले. या सर्वांस हाच विकार होता असें नव्हे. परंतु ज्यास बोलण्यासाठीं चालणें थांबवावें लागतें, त्याची चाल आपोआप चालण्याच्या अवस्थेंतून बाहेर पडली आहे, एवढें यावरून ध्यानीं येतें. म्हणून आमची पहिली विनंति ही कीं, घरांतील वडील माणूस ओटी उतरत असेल, मोरीकडे वळत असेल, तेव्हां मागून ‘बाबा, किल्ली कोठें ठेवलीत?’ असें विचारूं नये. त्यांस पोंचूं द्यावें, बसूं द्यावें, मग विचारावें.

या चालीचीं लक्षणें घरच्या माणसासहि ओळखतां येतात. पाउलें लहान पडतात. दोन पायांत अंतर अधिक राहतें. तळवा जमिनीपासून पुरता उचलत नाहीं, जणूं फरशीस चिकटला आहे. निघतांना पाय जागच्या जागीं अडखळतात, आणि एकदां चार पाउलें पडलीं म्हणजे पुढें थोडें बरें चालतें. वळतांना एका फेऱ्याऐवजीं पांचसात लहान पाउलें टाकावीं लागतात. दाराशीं, उंबरठ्याशीं, अरुंद जागेंत पाय थबकतात. कंपवाताहून ही चाल वेगळी आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं वर्णिलेल्या त्या रोगांत पुष्कळदां स्वस्थ बसलें असतां हात कांपतो, चालतांना एका बाजूचा हात झुलत नाहीं, चेहरा निर्विकार होतो. येथें बहुधा हात कांपत नाहींत, ते चांगले झुलतात, चेहऱ्यावर भाव असतात. सारी अडचण कमरेखालीं. त्यामुळें कंपवातावर गुणकारी ठरलेल्या लेव्होडोपा औषधाचा येथें बहुधा फारसा उपयोग होत नाहीं.

आणि नेमका येथेंच घरांत गैरसमज उत्पन्न होतो. जे आजोबा झोपाळ्यावर बसून हातवारे करीत तासभर गोष्टी सांगतात, तेच पानावर बोलावलें असतां दाराशीं खोळंबून उभे राहतात. पाहणाऱ्यास वाटतें, हे मुद्दाम करतात. अंगीं आळस भरला आहे. लक्ष वेधून घ्यावयाचें आहे. कोणी रागें भरतो, कोणी दंडाला धरून ओढतो, कोणी ‘जरा लवकर चला ना!’ म्हणून घाई करतो. घाई केली कीं पाय अधिकच चिकटतो. बोलण्याची घडी शाबूत आणि चालण्याची विस्कटलेली, असें एकाच माणसांत असूं शकतें, हें ठाऊक नसल्यामुळें एका आजारी मनुष्यावर ढोंगाचा आरोप होतो, आणि तो बिचारा स्वतःसहि दोषी समजूं लागतो. कालांतरानें तो हिंडणेंफिरणेंच सोडून देतो. विकाराची सोबती असणारीं आणखी कांहीं लक्षणें आहेत: विचार करण्यास व निर्णय घेण्यास लागणारा वेळ वाढणें, लघवीची एकाएकीं घाई होणें, कशांतहि उत्साह न वाटणें, क्षुल्लक कारणानें डोळे भरून येणें. हींहि ‘स्वभाव बदलला’ या सदराखालीं टाकलीं जातात. स्वभाव बदलला असें म्हणण्यापूर्वीं डॉक्टरांस एकदां दाखवावें, हें बरें.

घरच्या घरीं एक परीक्षा करितां येते. हाताच्या खुर्चीवरून उठावें, तीन मीटर, म्हणजे सुमारें दहा फूट, नेहमींच्या चालीनें जावें, वळावें, परत येऊन बसावें. १९९१ सालीं कॅनडांतील दोघां संशोधकांनीं घड्याळ लावून करावयाची ही परीक्षा प्रसिद्ध केली. यास बारा सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका वाढला आहे असें समजावें. परीक्षेच्या वेळीं कोणीतरी शेजारीं उभें असावें, हें सांगणें नलगे.

मेंदूच्या एम. आर. आय. चित्रांत या विकाराचे पांढरे डाग दिसतात. परंतु अहवालांत असे डाग लिहून आले म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. साठीच्या पुढें थोडेफार डाग पुष्कळांच्या मेंदूंत सांपडतात, आणि त्यांपैकीं अनेकजण उत्तम चालतात. युरोपांतील ६३९ वृद्धांच्या ‘लाडिस’ नामक अभ्यासांत असें दिसून आलें कीं, डाग जितके विस्तृत तितकी चाल व तोल अधिक बिघडलेला. तेव्हां चित्र आणि चाल हीं दोन्ही एकत्र पाहून डॉक्टरांनीं निर्णय करावयाचा असतो.

दुसरी सावधगिरी अशी कीं, चाल बिघडली म्हणजे हाच विकार असें धरून चालूं नये. कारण ज्यांवर चांगला उपाय आहे अशीं कांहीं कारणें याच वेषांत येतात. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांनीं ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाची आठवण विशेष ठेवावी. तें धान्यांत व भाज्यांत नसतें. शाकाहाऱ्यास तें मुख्यतः दूधदुभत्यांतून मिळतें, आणि उतारवयांत तें अंगीं लागण्याचें प्रमाणहि घटतें. मधुमेहासाठीं बरींच वर्षें मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतहि तें कमी होऊं शकतें. त्याच्या अभावीं पाठीच्या कण्यांतील मज्जा बिघडून तोल जातो. पण साध्या रक्तपरीक्षेनें हें कळतें, आणि उपाय स्वस्त आहे. मेंदूंतील द्रव साठूनहि अशीच चिकटणारी चाल होते. १९६५ सालीं हकीम व ॲडम्स यांनीं वर्णिलेल्या या रोगांत नळी बसवून द्रव काढून दिल्यास पुष्कळांची चाल सुधारते. मानेच्या मणक्यांनीं मज्जा दाबली जाणें हें तिसरें कारण. आणि चवथें, औषधें. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन महिनोन् महिने घेत राहिल्यास, तसेंच ओकारीवरील मेटोक्लोप्रमाइडनें, चाल मंद व ताठर होऊं शकते. जुन्या चिठ्ठीवर औषध आणीत राहण्याची आपल्याकडील संवय येथें नडते.

आतां उपायांविषयीं. जो तंतु गेला तो परत येत नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. परंतु जे शिल्लक आहेत ते राखतां येतात, आणि त्यांत मुख्य गोष्ट रक्ताचा दाब ही होय. अमेरिकेंतील ‘स्प्रिंट’ नामक मोठ्या प्रयोगांतील ४४९ जणांच्या मेंदूंचीं चित्रें सुमारें चार वर्षांच्या अंतरानें दोनदां घेतलीं गेलीं. ज्यांचा वरचा दाब १२० च्या खालीं आणण्याचा प्रयत्न केला, त्यांच्या डागांत सरासरी ०.९२ घन सेंटिमीटर भर पडली. ज्यांचें लक्ष्य १४० होतें, त्यांच्यांत १.४५. हा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं पंचाहत्तरी उलटलेल्या १९९ जणांवरील दुसऱ्या एका अमेरिकन प्रयोगाचें फलित बाहेर आलें. तेथेंहि दाब अधिक उतरविलेल्यांचे डाग कमी वाढले. मात्र तीन वर्षांत चालण्याच्या वेगांत दोन्ही गटांमध्यें फरक दिसला नाहीं. यावरून आम्हीं असा बोध घेतों कीं, दाबाचा उपाय चाल बिघडल्यावर नव्हे, तर ती चांगली असतांनाच, पन्नाशीच्या आंतबाहेर सुरू केला पाहिजे. तो कितपत उतरवावा हें मात्र डॉक्टरांनीं ठरवावें. म्हाताऱ्या माणसाचा दाब फार उतरला तर उठतांना घेरी येऊन तो पडावयाचा.

जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाकाठीं मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आंत, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी, सांगितली आहे. लोणचें, पापड, सांडगे, मेतकूट यांतलें मीठहि त्यांतच धरावयाचें. पानांत वरून मीठ वाढण्याची चाल तर साठीच्या घरांतून बंदच करावी. तंबाखू सोडावी, मधुमेह ताब्यांत ठेवावा. मात्र ‘रक्त पातळ’ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानें सुरू करूं नयेत. या विकारांत बारीक रक्तस्रावहि होत असतात.

व्यायामाची थोरवी नवीन नाहीं, पण तिला आतां अंकांचा आधार मिळाला आहे. घरीं राहणाऱ्या वृद्धांवरील १०८ प्रयोगांचें एकत्र परिशीलन २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. व्यायामानें पडण्याचें प्रमाण सुमारें २३ टक्क्यांनीं घटतें, असें त्यांत ठरलें. हे प्रयोग सर्वसाधारण वृद्धांवरचे होत. तथापि ज्याचा तोल आधींच डळमळीत आहे, त्यास तोल सांभाळण्याचा अभ्यास अधिकच हवा. केवळ फिरणें पुरेसें नाहीं. खुर्चीवरून हात न टेकतां उठणें-बसणें, भिंतीचा आधार जवळ ठेवून एका पायावर उभें राहणें, एका रेषेंत पाउलें टाकणें, हें शिकविणाऱ्याच्या देखरेखीखालीं रोज करावें. ज्यांचा पाय निघतांना चिकटतो, त्यांस ‘एक, दोन’ असा ताल मोजून किंवा फरशीची पुढली रेघ ओलांडावयाची असें मनांत धरून पाऊल टाकणें कधीं कधीं सोपें जातें. आपोआप होणारें काम बिघडलें असतां जाणून करण्याचा हा मार्ग आहे.

घरांतहि थोडे फेरफार करावेत. वाटेंतील पायपुसणीं, सतरंज्यांच्या मुडपलेल्या कडा व लोंबत्या तारा काढाव्यात. न्हाणीघरांत व शौचकूपाशेजारीं धरावयास दांडी बसवावी. उंबरठ्यास ठळक रंग द्यावा. रात्रीं मंद दिवा जळत ठेवावा. पाटावर बसून जेवण्याचा आग्रह वडिलांनीं सोडावा. खुर्चीवर बसल्यानें आचार बिघडत नाहीं. धोतराचा सोगा व लुगड्याचा घोळ पायांत येणार नाहीं असा घ्यावा. काठी घेण्यांत कमीपणा नाहीं. ओसरीवर काठी टेकून उभा राहणारा पुरुष खाटेवर पडून राहणाऱ्यापेक्षां केव्हांहि स्वतंत्र असतो.

ज्या तरुण वाचकांच्या घरीं अशीं वडील माणसें आहेत, त्यांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें. देवदर्शनास निघावयाचें असो कीं लग्नकार्यास, निघण्याची वेळ दहा मिनिटें अलीकडे धरावी. घरांतल्या सर्वांत मंद पावलाशीं घरानें आपला वेग जुळवून घेतला तर त्या मनुष्याची उमेद टिकते. आणि उमेद टिकली तर तो चालत राहतो. औषध डॉक्टरांच्या हातीं आहे. हीं दहा मिनिटें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहेत.